हे गाणं आता यांचंच! – आवाजाने गाणं स्वतःचं करून टाकणारे गायक

रानजाई

नमस्कार मंडळी,

आवडता गायक कोण, हे मला विचारायचं नाहीये, त्यावर आधीच ढीगभर धागे आहेत. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. काही गाणी दोघातिघांनी गायलेली असतात, किंवा टीव्हीवरच्या स्पर्धांमध्ये दर वर्षी कोणीतरी गातंच, सूर चुकत नाही, हरकती जागच्या जागी असतात, परीक्षक उभे राहून टाळ्या देतात, आणि तरीही ते गाणं काही त्यांचं होत नाही. ते ज्याचं आहे त्याचंच राहतं. हे नक्की कशामुळे होतं?

माझं उदाहरण सांगते. 'सखी मंद झाल्या तारका'. सुधीर मोघ्यांचे शब्द, राम फाटकांची चाल. हे भीमसेनजींनीही गायलंय आणि बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनीही. भीमसेनजींचं ऐकताना मी आवाजाच्या त्या भरदारपणाने थक्क होते, सूर कसा लख्ख लागलाय याकडेच कान जातो. बाबूजींचं ऐकताना 'येशील का' या दोन शब्दांशी थांबते. त्यात आर्जव आहे पण लाचारी नाही, वाट बघून दमलेला माणूस ज्या स्वरात शेवटचं विचारेल तसं ते आहे. 'का' वर ते जोर देत नाहीत, नुसता टेकवतात. एवढंच. आणि गाणं त्यांचं झालं.

त्यामुळे माझं मत असं की गाणं कोणाचं होणार हे शब्द कसा टाकलाय यावर ठरतं. आवाज गोड असणं, गळा फिरणं या सगळ्या पुढच्या गोष्टी. तुम्हाला काय वाटतं? तुमची अशी गाणी सांगा, आणि नुसतं नाव नको, गाण्यातली ती जागा सांगा.

अश्विन_क

मस्त धागा. 'तोच चंद्रमा नभात'. यमन शिकणारा प्रत्येक मुलगा हे गातो आणि प्रत्येकाचं ऐकताना डोक्यात मागे बाबूजीच चालू असतात.

तिखटमीठ

वसंतराव देशपांडे. बाकी चर्चा चालू द्या 😄

पेटीवाला_सांगली

रानजाईताई, विषय जिव्हाळ्याचा काढलात, पण मत पटलं नाही. मी साथीला बसतो, त्यामुळे थोडं वेगळ्या बाजूने बघतो. गाणं गायकाचं होतं असं आपण म्हणतो तेव्हा संगीतकाराला सोयीस्कर विसरतो. 'बगळ्यांची माळ फुले' घ्या. वा. रा. कांतांची कविता, खळेकाकांची, म्हणजे श्रीनिवास खळ्यांची चाल. त्या चालीतल्या ज्या वळणांवर आपण वसंतरावांना दाद देतो, त्यातली अर्धी वळणं खळ्यांनी त्या गळ्यात काय काय आहे हे ओळखून ठेवलेली आहेत. पेटीवर वाजवायला घ्या, बोटं अडखळतात. सूर सापडतात हो, पण एका सुरातून दुसऱ्यात जाताना मध्ये जे काही होतं ते पट्टीवर नाहीच, ते गळ्यातच आहे. म्हणजे चाल बांधतानाच ती अमुक एका माणसाच्या मापाने बेतलेली. दुसऱ्या कोणी घातली की खांद्यात घट्ट आणि बाह्यांत ढगळ होणारच. त्यात दुसऱ्या गायकाचा दोष काय?

खळेकाकांचंच 'श्रावणात घननिळा' बघा. प्रत्येक अंतऱ्याची चाल वेगळी. लताबाई गातात तेव्हा ते इतकं सरळ वाटतं की अंतरे बदलताहेत हे कित्येकांच्या लक्षातही येत नाही. स्वतः गायला बसलं की कळतं आपण कुठल्या जंगलात शिरलोय ते.

रानजाई

@पेटीवाला, मान्य, चाल मापाने बेतलेली असते. पण मग ज्या चाली एकासाठी बांधल्या आणि भलत्याच्याच नावावर झाल्या त्यांचं काय? गीतरामायण बघा की. आकाशवाणीवर ते सुरू झालं १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे केंद्रावरून, आणि वर्षभर दर आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी झाली. तेव्हा पात्राप्रमाणे गायक वेगवेगळे होते. माणिक वर्मा होत्या, ललिता फडके होत्या, वसंतराव होते. आज गीतरामायण म्हटलं की कोणाचा आवाज आठवतो? सीतेचं गाणं असो नाहीतर कौसल्येचं, बाबूजीच.

मी_माधवी

हा मुद्दा आला ते बरं झालं कारण मला यात नेहमी खुपतं. बाबूजींबद्दल आदर आहेच, पण माणिकताईंच्या आवाजातली सीता ऐकलीय का किती जणांनी? बाबूजींनी पुढे सगळी गाणी स्वतः गाऊन गावोगाव कार्यक्रम केले, रेकॉर्डही त्यांच्या आवाजात आल्या, त्यामुळे लोकांच्या कानात तेच बसलं. म्हणजे गाणं त्यांचं झालं ते सतत तेच कानावर पडल्यामुळे. ज्या आवाजाला स्टेज आणि रेकॉर्ड मिळाली त्याचं गाणं, इतकं साधं आहे ते.

बाईच्या तोंडचं गाणं बाईच्या आवाजात ऐकलं की अर्थ बदलतो. बाबूजी गातात ते कथा सांगणाऱ्याचं गाणं होतं, माणिकताई गातात ते सीतेचं. मला सीता हवी आहे.

नानाकाका

माधवीताई, एक विचारतो, रागावू नका. गीतरामायण मुळात कथा सांगणाऱ्याचंच आहे ना? कुश-लव रामापुढे गाताहेत हीच चौकट आहे. पहिलंच गाणं बघा, स्वये श्रीराम ऐकताहेत आणि मुलं गाताहेत. म्हणजे सगळी पात्रं शेवटी गाणाऱ्याच्याच तोंडून यायची. त्या हिशेबाने एकट्या बाबूजींनी सगळं गाणं हे रचनेला धरूनच झालं.

बाकी मी ते मैदानात बसून ऐकलंय, तरुणपणी, गणपतीत. मांडव भरून रस्त्यावर माणसं. 'पराधीन आहे जगती' सुरू झालं की चहावाला पण किटली खाली ठेवायचा. ते यमन कल्याणमध्ये आहे वगैरे मला खूप नंतर कळलं. माझ्या शेजारी एक हमाल बसला होता, त्याला एकेक शब्द कळत होता. शब्दच शब्द ऐकू येतात त्या माणसाच्या गाण्यात, 'ष' आणि 'श' वेगळे ऐकू येतात, जोडाक्षर फुटत नाही. रानजाई म्हणते त्याला माझं अनुमोदन.

मी_माधवी

रागवत नाही काका 🙂 कुश-लवांचा मुद्दा चांगला आहे. पण सीता मी सोडणार नाही.

बेळगावी_कुंदा

शब्दांचे उच्चार म्हणून गाणं त्यांचं, असं म्हणणाऱ्या सगळ्यांना माझा एक सवाल हाय. भीमसेन अण्णा गदगचे, मातृभाषा कन्नड. कुमार गंधर्व आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, घरात कन्नड. वाणी जयराम तमिळ. हेमंतकुमार बंगाली. आता सांगा, 'इंद्रायणी काठी' कुणाचं? 'ऋणानुबंधाच्या' कुणाचं? 'मी डोलकर' कुणाचं? ह्यातल्या एकाचा तरी उच्चार सदाशिव पेठेतल्या मास्तरांनी पास केला असता काय?

'इंद्रायणी काठी' १९५३ चं, 'गुळाचा गणपती' मधलं, गदिमांचे शब्द आणि पुलंची चाल. त्या विठ्ठलाच्या ठ्ठ वर अण्णा जो दणका देतात तो कर्नाटकातला दणका हाय, आणि त्यानंच ते गाणं उभं राहतंय. आमच्याकडं अजून कुठल्याबी देवळात काकड आरती झाली की हेच लावत्यात, सीमेच्या दोन्ही अंगाला.

कोळीवाड्याची_पोर

'मी डोलकर' चं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. आमच्याकडे हळदीला हे वाजलं नाही तर हळद पुरी होत नाही. शांताबाई शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत, लताबाई आणि हेमंतकुमार. आमची आजी म्हणायची की हा माणूस कोळी नाय पण होरीवर बसलेला वाटतो. कारण त्याच्या आवाजात घाई नाही. डोलायचा जो ठेका आहे ना तो हेमंतकुमारच्या आवाजातच आहे, ढोलकीशिवाय नुसता त्याचा आवाज ऐकला तरी डोलायला होतं. हल्लीच्या रीमिक्समध्ये स्पीड वाढवून टाकलाय, नाचायला बरं पडतं पण डोलकर गेला त्यातून.

पेटीवाला_सांगली

बेळगावी कुंदा, जिंकलंत राव. कुमारांचं अजून एक सांगतो, शब्द आणि आवाज या दोन्हीच्या पलीकडचं. क्षयामुळे त्यांचं एक फुप्फुस निकामी झालेलं, देवासला कित्येक वर्षं गाणं बंद होतं. परत गायला लागले तेव्हा लांबलचक दमसासाची तान हा प्रकार त्यांच्याकडे उरला नव्हता. मग छोटे छोटे तुकडे, मध्ये श्वास, आणि श्वासानंतर एकदम सूर झेपावतो. आता 'अजुनी रुसून आहे' ऐका. कवी अनिलांची कविता. रुसलेल्या माणसाची समजूत काढताना आपण एका दमात बोलतो का? थांबतो, अंदाज घेतो, परत बोलतो. कुमारांच्या त्या तुटक श्वासात ते सगळं आपोआप येतं. दुसऱ्या कोणी कितीही चांगलं गायलं तरी तो श्वास कुठून आणणार? मी तर म्हणतो गाणं त्यांचं झालं ते त्या थांबण्यांमुळे.

अश्विन_क

काय लिहिलंय राव. आत्ता हेडफोन लावून परत ऐकलं. 'खुलता कळी खुलेना' च्या आधी श्वास घेतलेला खरंच ऐकू येतो. +१००

इंदूरकर

देवासच्या निमित्ताने मालव्याचा विषय निघाला म्हणून आमच्या अरुण दात्यांचं सांगायला हवं. इंदूरचे, रामूभैया दात्यांचे चिरंजीव. रामूभैया म्हणजे अख्ख्या हिंदुस्थानातल्या गवयांना माहीत असलेला रसिक, त्या घरात कोण कोण गाऊन गेलं याची गणती नाही. अरुणजी थोडंफार कुमारजींकडे शिकले. व्यवसायाने टेक्स्टाईलवाले, आणि मूळ ओढा उर्दू गझलेचा.

आता 'शुक्रतारा मंद वारा' या कानाने ऐका. पाडगावकर, खळे, सोबत सुधा मल्होत्रा. मराठी भावगीत तोपर्यंत थोडं ताठ बसून गायलं जायचं असं मला वाटतं. या माणसाने ते गझलेसारखं रेलून गायलं. आवाज मोठा नाही, वर चढतानाही तो ओरडत नाही, उलट थोडा मऊ होतो. 'भातुकलीच्या खेळामधली' मध्येही तेच, यशवंत देवांची चाल, दुःखाचं गाणं, पण रडारड कुठे नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचं मराठी जरा वेगळ्या लयीत असतं, आम्ही बोलतो ते ऐकलंत तर कळेल. ती लय त्या गाण्यांत आहे. पुण्यामुंबईत वाढलेल्या गायकाने शुक्रतारा असं गायलं नसतं, याची मला खात्री आहे.

तिखटमीठ

इंदूरकर, भावगीत ताठ बसून गायचे हे नाही पटलं हां. गजाननराव वाटवे विसरलात? 'वारा फोफावला', 'गगनी उगवला सायंतारा'. गणपतीतल्या मांडवात बसून ते कविता गायचे आणि लोक रात्र रात्र ऐकायचे. ते मुळीच ताठ नव्हतं, अगदी घरगुती होतं. भावगीताला मांडवात आणून बसवलं ते त्यांनीच.

इंदूरकर

वाटव्यांबद्दल दुमत नाही. त्यांचं गाणं बोलण्याच्या जवळचं, दात्यांचं गुणगुणण्याच्या जवळचं. एवढाच फरक मला म्हणायचा होता.

स्वप्नील_उर्फ_बंड्या

सगळे मोठे लोक बोलताय म्हणून भीत भीत लिहितोय. मी 'कट्यार काळजात घुसली' २०१५ च्या सिनेमात पहिल्यांदा बघितलं. 'घेई छंद मकरंद' राहुल देशपांडेंच्या आवाजात, 'अरुणि किरणी' महेश काळेंच्या आवाजात, ज्याला नॅशनल अवॉर्ड मिळालं. वसंतरावांचं मी नंतर यूट्यूबवर ऐकलं. खरं सांगायचं तर माझ्यासाठी ओरिजिनल राहुलदादाचंच आहे. मग गाणं कोणाचं? जो पहिल्यांदा कानात शिरला त्याचं, असं नाही का?

नानाकाका

बंड्या, भ्यायचं काय त्यात. प्रश्न बरोबर आहे तुझा. पण तू एक कर. १९६७ चं नाटक होतं ते, दारव्हेकरांचं, जितेंद्र अभिषेकींचं संगीत, वसंतराव खाँसाहेबांच्या भूमिकेत आणि फैयाज झरीनाच्या. त्यात 'घेई छंद' दोन चालींत आहे. नाटकातल्या पंडितजींची शांत, सालगवराळी रागातली, आणि खाँसाहेबांची चढी, धानी रागातली. शब्द तेच, पदातला भुंगा तोच. एकात तो कमळावर बसून राहिलाय आणि दुसऱ्यात तो सुटलाय. दोन घराण्यांचं भांडण नाटकाने एका पदात बसवलं. खाँसाहेबांची चाल वसंतराव गातात तेव्हा ती तान कुठून निघाली आणि कुठे पडणार याचा अंदाजच येत नाही. मिलिटरी अकाउंट्सच्या ऑफिसात बरीच वर्षं नोकरी करून हा माणूस संध्याकाळी असं गायचा. राहुल गुणी आहे, आजोबांचं गाणं त्याने मनापासून जपलंय. पण जपणं आणि जन्माला घालणं यात फरक राहतोच. आधी वसंतराव, मग राहुल, मग परत वसंतराव असं ऐक आणि सांग.

तिखटमीठ

म्हणून तर पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. वसंतराव. 😄

म्हापशेकार

अभिषेकीबुवांचं नाव आलं आणि अजून गोंयचो एक मनीस बोलला नाही हे कसं! बुवा मंगेशीचे, दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, ज्योत्स्नाबाई भोळे बांदोड्याच्या, रामदास कामत आणि आशालताही आमचेच. नाट्यसंगीताचा अर्धा नकाशा फोंड्याच्या आसपास येतो बघा.

'मत्स्यगंधा' नाटक १९६४ चं, कानेटकरांचं. त्यातलं 'गर्द सभोवती रान साजणी' हे आशालताबाईंचं पद. त्या काही खूप तयार गळ्याच्या गायिका म्हणून ओळखल्या जात नाहीत, लोक त्यांना सिनेमातली आई म्हणून ओळखतात. पण हे पद त्यांच्याच आवाजात ऐकावं. मोठमोठ्या गायिकांनी ते मैफलीत गायलंय, ताना घालून, सजवून. त्यात सत्यवती राहत नाही. आशालताबाईंचा आवाज थोडा साधा, किंचित कोवळा, आणि तोच तिथे हवा आहे. नदीकाठची पोर आहे ती. रानजाईबाय, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच: पात्र सांभाळतो त्याचं गाणं. रामदास कामतांचं 'गुंतता हृदय हे' त्याच नाटकातलं, तिथेही तेच.

मी_माधवी

म्हापशेकार, तुम्ही माझ्या बाजूने! सीतेचं गाणं सीतेने 🙂

अश्विन_क

मग बालगंधर्वांचं काय करायचं माधवीताई? 'नाथ हा माझा' रुक्मिणीचं आहे आणि गाणारा पुरुष.

मी_माधवी

म्हणून तर ते बालगंधर्व! माझ्या पणजीच्या पिढीतल्या बायका त्यांच्यासारखी नऊवारी नेसायला बघायच्या, त्यांच्यासारखं बोलायला बघायच्या. तिथे पुरुष गातोय असं कोणाला वाटतच नव्हतं. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या जुन्या तबकड्यांवर, खरखरीतून सुद्धा, तो आवाज लाडिक होतो पण कधी खोटा होत नाही.

नानाकाका

आणि त्या काळच्या लोकांना तुलना समोरासमोर करायला मिळायची. ८ जुलै १९२१ चा 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर, टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन प्रतिस्पर्धी नाटक कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. थोड्याच महिन्यांत केशवराव गेले. तो प्रयोग ऐकलेल्या माणसांनी आयुष्यभर त्याच्या गोष्टी सांगितल्या. आम्हाला त्या फक्त गोष्टीच मिळाल्या.

परभणीकर

मी बराच वेळ वाचतोय. सगळं छान चाललंय पण वीसेक प्रतिसाद झाले आणि अजून एकानेही प्रल्हाद शिंदेंचं नाव घेतलं नाही. भावगीत, नाट्यगीत, परत भावगीत.

आमच्या गावात रेडिओ होता, टेप होता, बाबूजी पण वाजायचे. पण आषाढीला दिंडी निघाली की लाऊडस्पीकरवर एकच आवाज, 'पाऊले चालती पंढरीची वाट'. आणि एस्टी स्टँडवर कॅसेटच्या दुकानात 'आता तरी देवा मला पावशील का'. हे गाणं दुसऱ्या कुणी गायलेलं मला आठवत पण नाही, आणि गायलं तरी काय फरक पडणार? कव्वाली गाऊन तयार झालेला आवाज तो, मंगळवेढ्याकडचा. वरच्या पट्टीत चढतो तेव्हा थोडा फाटतो, आणि तो फाटतो तिथेच देवाला जाब विचारल्यासारखं होतं. विनवणी नाही ती. तिथं गुळगुळीत आवाज लावून बघा, गाण्यातली भूकच जाते.

माझे वडील रोजंदारीवर होते. भीमजयंतीला रात्रभर याच माणसाची भीमगीतं ऐकायची आणि दोन-तीन महिन्यांनी आषाढीला त्याचीच विठ्ठलाची गाणी. आमच्या वस्तीत कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पुढे त्यांची मुलं आनंद-मिलिंद आले, आता नातू आदर्श आहे, तिसरी पिढी गातेय. तेव्हा शब्द, श्वास, पात्र हे तुमचं सगळं बरोबर असेल, पण गाणं कुणाचं हे ठरवताना ते कुणासाठी गायलंय हे पण बघा. त्यांचं गाणं आमचं झालं, म्हणून ते त्यांचं झालं.

रानजाई

परभणीकर दादा, तुमचा प्रतिसाद कालपासून डोक्यात आहे. आवाज फाटतो ती जागा मी जाऊन ऐकली. 'पावशील का' आणि 'येशील का', दोन्हीकडे 'का' च आहे आणि दोघांनी किती वेगळं केलंय! तिकडे टेकवलेला आणि इथे थेट फेकलेला. माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा पक्का केलात असं मला वाटतंय, जरी तुम्ही तो खोडायला आला होतात.

परभणीकर

खोडायला नाही ताई, भर घालायला. पण 'का' चं ध्यानात आलं नव्हतं. भारी पकडलंत.

बेळगावी_कुंदा

परभणीकरांना कडक सलाम. असंच लावणीचं. सुलोचनाबाई चव्हाणांना कसं विसरलात सगळेजण?

कोळीवाड्याची_पोर

अगदी! 'फड सांभाळ तुऱ्याला ग आला', 'सोळावं वरीस धोक्याचं', 'कळीदार कपुरी पान'. मी त्यांना स्टेजवर पाहिलंय, खूप वय झालेलं होतं. डोक्यावरून पदर, दोन्ही खांदे झाकलेले, हात जवळजवळ हलत नाहीत, चेहऱ्यावर एखाद्या शाळेतल्या बाईंसारखा भाव. आणि आवाज सुटला की पुढच्या रांगेतली माणसं खुर्चीच्या काठावर. सगळी अदा गळ्यात. तो ठसका एका अक्षरावर येतो, 'ग' वर नाहीतर 'बाई' वर, आणि लगेच मागे घेतात. टीव्हीवरच्या मुली लावणी गातात तेव्हा प्रत्येक शब्दाला ठसका देतात, मग काही उरतच नाही. गिरगावात वाढलेल्या बाई, तमाशाशी घरचा संबंध नाही, नवऱ्याला गुरू मानून लावणीचे उच्चार बसवले. बेळगावी कुंदांच्या यादीत यांनाही घाला, बाहेरून येऊन गाणं आपलं केलं त्यांनी.

स्वप्नील_उर्फ_बंड्या

एक गंमत म्हणून विचारतो. 'जैत रे जैत' सिनेमात 'मी रात टाकली' लताबाईंचं आणि 'जांभुळ पिकल्या झाडाखाली' आशाबाईंचं. उलट दिलं असतं तर?

अश्विन_क

बंड्याने बॉम्ब टाकला 😂 माझ्या घरात आत्ता यावरून दोन पार्ट्या पडल्यात. बायको म्हणते आशाबाईंनी 'रात टाकली' गायलं असतं तर अंगावर आलं असतं.

पेटीवाला_सांगली

अंगावर आलं असतं हे खरं, आणि म्हणूनच हृदयनाथांनी ते मोठ्या बहिणीला दिलं असावं असं मला वाटतं. महानोरांचे ते शब्द आधीच धीट आहेत. लताबाईंच्या आवाजातला सोवळेपणा त्यावर पडला की त्या धीटपणाला धार येते. 'जांभुळ' मध्ये मात्र चव घेत गायचं आहे, तिथे आशाबाईंना पर्याय नाही. 'जिवलगा, राहिले दूर घर माझे' पण ऐका, शांताबाई आणि हृदयनाथच, आणि तिथे याच आशाबाई अशा गंभीर होतात की 'जांभुळ' गाणारी बाई हीच का असं वाटावं. एकाच गळ्यात दोन माणसं राहतात.

मी_माधवी

आणि सुमनताई कल्याणपुरांचं नाव कोणीच घेत नाही? ढाक्यात जन्मलेल्या, लताबाईंच्या आवाजाशी साम्य म्हणून आयुष्यभर तुलना सोसली. रेडिओवर लागलं की लोक पैजा लावायचे लता की सुमन. पण 'केतकीच्या बनी तिथे' आणि 'निंबोणीच्या झाडामागे' यावर कोणी पैज लावत नाही. ती फक्त त्यांची आहेत. 'निंबोणीच्या' मध्ये त्या आवाज मुळीच वाढवत नाहीत, मूल खरंच कुशीत झोपतंय आणि ते उठू नये इतपतच. माझ्या दोन्ही लेकी यावर झोपल्यात.

नानाकाका

किशोरीताई आमोणकर! 'अवघा रंग एक झाला'. सोयराबाईंचा अभंग, भैरवी, चाल स्वतः ताईंची. शब्द, श्वास, पात्र, माणसं, तुमच्या सगळ्या कसोट्या तिथे एकदम लागतात. चोखोबाच्या घरच्या बाईने लिहिलेलं आणि एका कडक शिस्तीच्या गवैणीने गायलेलं. 'रंग' हा शब्द त्या किती वेळा म्हणतात ते मोजायला मी कधी बसलो नाही, पण प्रत्येक वेळी तो वेगळा लागतो.

इंदूरकर

नानाकाका, सुंदर. यावर पुढे काय लिहायचं.

स्वप्नील_उर्फ_बंड्या

नानाकाका, तुम्ही सांगितलं तसं ऐकलं. वसंतराव, राहुलदादा, परत वसंतराव. वसंतरावांच्या तानेत मी दोनदा हरवलो, कुठे चाललंय कळेना आणि अचानक सम आली. तुमचं 'सुटलाय' कळलं. पण राहुलदादा अजूनही माझाच आहे, तो कसा जाईल, त्याच्यामुळे तर मी इथवर आलो.

नानाकाका

जाऊ देऊही नकोस. आता पुढचा अभ्यास देतो: दीनानाथांचं 'परवशता पाश दैवे' ऐक, 'रणदुंदुभि' मधलं. वसंतरावांच्या तानेचा बेफामपणा कुठून आला ते तिथे ऐकू येईल. ते दीनानाथांना फार मानायचे.

म्हापशेकार

परत मंगेशीलाच आलात बघा! मूळ सगळं आमचंच 😄

रानजाई

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मी अजूनही शब्दाच्याच बाजूने आहे, पण आता 'शब्द' म्हणताना माझ्या मनात कुमारांचा श्वास, सुलोचनाबाईंनी मागे घेतलेला ठसका आणि प्रल्हाद शिंदेंचा फाटलेला वरचा सूर हे सगळं येतं. उच्चार शुद्ध असणं ही त्यातली एक छोटी गोष्ट. बेळगावी कुंदांनी तेवढं पटवलं.

माधवीताई, माणिकताईंची सीता कुठे ऐकायला मिळेल ते सांगा. आणि कोणाकडे वाटव्यांच्या जुन्या तबकड्या असतील तर इथे कळवा, माझ्याकडे त्यांचं फारच थोडं आहे.

मी_माधवी

माझ्याकडे मामांनी रेडिओवरून टेप केलेली कॅसेट आहे, घासलेली आहे पण वाजते. शनिवारी भाच्याकडून कंप्युटरवर उतरवून घेते आणि व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. परभणीकर, तुमच्याकडे प्रल्हाद शिंदेंची जुनी भीमगीतं असतील तर मला हवी आहेत, मी ती कधीच नीट ऐकलेली नाहीत.

परभणीकर

आहेत की ताई, पिशवीभर कॅसेट आहेत वडलांच्या. पत्ता कळवा, कॉपी करून पाठवतो.